आतड्याची गाठ काढली, पुढे काय?

मोहने-आंबिवलीच्या आपल्या वस्त्यांत शौचातून रक्त पडले की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढले जाते. हा विषय बोलायची लाज वाटते. अतिसाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः न्हाऊ घातले, हा प्रसंग विनयपिटकात आहे. मग लाज कसली? म्हणून आम्ही या अंकात मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर लिहीत आहोत.

हा आजार लवकर सापडला तर ऑपरेशन हाच मुख्य उपचार. पहिल्या टप्प्यात बहुधा केमो लागत नाही. तिसऱ्या टप्प्यात, म्हणजे रोग लसिका ग्रंथींपर्यंत गेला असेल तर, सहसा केमो देतात. पेच दुसऱ्या टप्प्याचा. यातले बरेच रुग्ण ऑपरेशननेच बरे होतात, काहींचा रोग परततो. गरज नसताना केमो घेतली तर मजुरी बुडते, काही औषधांनी हातपाय बधिर होतात. गरज असून टाळली तर जिवावर बेतते. हा निर्णय घेताना शरीरातल्या काही खुणा उपयोगी पडतात. त्यांना बायोमार्कर म्हणतात.

ग्रंथींची संख्या : ही बायोमार्कर नव्हे, पण पहिली पाहायची गोष्ट. काढलेल्या आतड्यासोबत किमान 12 ग्रंथी तपासलेल्या असाव्यात. कमी असतील तर टप्पा ठरवण्यात चूक होऊ शकते.

एमएमआर किंवा एमएसआय : काढलेल्या गाठीच्या तुकड्यावरच ही तपासणी होते. पेशीतली दुरुस्ती करणारी चार प्रथिने शाबूत आहेत का, हे एमएमआरमध्ये पाहतात. दुसऱ्या टप्प्यात यात दोष आढळला तर रोग परतण्याचा धोका उलट कमी असतो आणि नेहमीच्या एकट्या ‘फाइव्ह-एफयू’ केमोचा फायदा दिसत नाही. मात्र हा दोष कधीकधी आनुवंशिक असतो. तेव्हा भावंडांनी आणि मुलांनीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सीईए : ही साधी रक्ततपासणी. ऑपरेशनआधी एकदा, नंतर पहिली दोन वर्षे दर 3 ते 6 महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी करतात. विडी-सिगारेटनेही आकडा वाढतो, म्हणून एकाच आकड्याने घाबरू नये.

रक्तातला गाठीचा डीएनए : ऑस्ट्रेलियात दुसऱ्या टप्प्याच्या 455 रुग्णांवर झालेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. या चाचणीवरून ठरवले तेव्हा 15 टक्के रुग्णांना केमो द्यावी लागली, नेहमीच्या पद्धतीत 28 टक्क्यांना. दोन वर्षांनी रोग न परतलेले रुग्ण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते : 93.5 आणि 92.4 टक्के. ही चाचणी महाग आहे, अजून सर्रास होत नाही. तिच्यासाठी कर्ज काढू नका.

आमचे सांगणे एवढेच. डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारा : टप्पा कोणता? ग्रंथी किती तपासल्या? एमएमआर केली का? राहिली असेल तर रुग्णालयाने जपून ठेवलेल्या तुकड्यावर ती नंतरही होऊ शकते. सगळे कागद एका फाइलीत ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करा. बरे वाटले म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका.

आणि कोणाच्या घरी शौचातून रक्त जात असेल, वजन घटत असेल, शौचाची सवय बदलली असेल, तर थांबू नका. रविवारी विहारात वंदनेनंतर हे पान मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही ते पोहोचले पाहिजे. जयभीम!