सामान गाडीत चढलं की भाव वाढतो! ‘पॅकर्स-मूव्हर्स’च्या हाती संसार सोपवण्याआधी हे तपासा

बदली झाली, नोकरी सुटली किंवा घरची शेती बघायला परत यायचं ठरलं, की पुण्या-मुंबईतला संसार गावी आणावा लागतो. ओळखीचा टेम्पो मिळाला तर ठीक. नाहीतर मोबाईलवर ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ शोधून वरच्याच नंबरवर फोन लावला जातो. या धंद्यात चोख काम करणारेही आहेत. पण त्यांच्यात घुसलेले भामटे ठरलेल्या पद्धतीने लोकांना अडवतात. ती पद्धत आधी समजून घ्या.

फसवणूक कशी होते?

समजा, पिंपरी-चिंचवडहून फ्रिज, वॉशिंग मशीन, कपाट, पलंग, भांडी आणि मोटारसायकल गावी आणायची आहे. दोन-तीन कंपन्या १८ ते २० हजार सांगतात. एक जण मात्र फोनवरच १० हजारांत तयार होतो. नाव एखाद्या मोठ्या कंपनीसारखंच. सामान बघायला कुणी येत नाही. दोन हजार रुपये इसार यूपीआयने मागितला जातो. सामान भरायला येणारी माणसं दुसरीच, आणि गाडी तिसऱ्याचीच.

खरा डाव गाडी भरल्यावर सुरू होतो. ‘सामान जास्त निघालं’, ‘जीएसटी वेगळा’, ‘विम्याचे पैसे राहिले’ असं करत १० हजारांचे २५ हजार होतात. नाही म्हटलं की सामान गोदामात उतरवलं जातं आणि गोदामाचं रोजचं भाडं चढायला लागतं. पैसे दिले तरी पुन्हा नवीन कारण निघतं. कधी फोनच बंद होतो.

हे जमतं कशामुळे? सामान त्याच्या ताब्यात असतं आणि ग्राहकाच्या हातात एकही कागद नसतो. म्हणून जे तपासायचं ते गाडी भरण्याआधीच तपासायला हवं.

गाडी भरण्याआधी काय करायचं?

१. नोंदणी विचारा. ‘कॅरेज बाय रोड ॲक्ट, २००७’ नुसार भाड्याने लोकांचा माल वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्याला नोंदणी प्रमाणपत्र लागतं. त्याचा फोटो मागा.

२. जीएसटी नंबर तपासा. हा नंबर १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. जीएसटी पोर्टलवर करदाता शोधण्याची सोय मोफत आहे. तिथे नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे दिसतं. बिलावरचं नाव आणि तिथलं नाव एकच हवं.

३. सामान दाखवूनच भाव ठरवा. घरी येणं जमत नसेल तर व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवा. हमाली, टोल, जीएसटी, वरच्या मजल्याचे पैसे धरून एकच रक्कम लिहून घ्या. व्हॉट्सॲपवर लिहून आलं तरी तो पुरावा होतो.

४. यादी आणि किंमत लिहा. प्रत्येक वस्तूची यादी करून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा. सामानाची खरी किंमत कागदावर लिहा. कायद्याने भरपाई साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते, आणि तीही लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. दोन लाखांच्या सामानाची किंमत २० हजार लिहिली, तर मागणी २० हजारांवरच अडते.

५. बिल्टी घेतल्याशिवाय गाडी सोडू नका. गाडीची नंबर प्लेट आणि ड्रायव्हरचं लायसन्स यांचा फोटो काढा. कंपनीचा फोन बंद झाला तर गाडीच्या नंबरावरूनच पोलिसांना माग काढता येतो.

६. विम्याचे पैसे दिले तर पॉलिसी मागा. ती विमा कंपनीची, पॉलिसी नंबर असलेली हवी. मूव्हर्सच्या पावतीवर ‘इन्शुरन्स’ लिहिलं म्हणजे विमा झाला असं नाही.

७. सामान काही दिवस गोदामात ठेवायचं असेल तर गोदामाचा पत्ता, महिन्याचं भाडं आणि मुदत लिहून घ्या. शक्य असेल तर गोदाम स्वतः पाहून या.

दागिने, रोकड, सातबारा-खरेदीखतासारखे कागद आणि शाळेचे दाखले गाडीत टाकू नका. ते सोबतच आणा.

सामान अडवलं तर?

घाबरून पैसे पाठवत बसू नका. फोनवर वाद घालण्यापेक्षा मेसेज करून ठरलेली रक्कम, बिल्टी नंबर आणि वाढीव मागणी लेखी आणा. मग असं करा:

- पोलीस ठाणे: वाहतूकदाराने किंवा गोदामवाल्याने विश्वासाने दिलेल्या मालाचा अपहार केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घटना पुण्यात घडली तरी गावाजवळच्या ठाण्यात ‘झीरो एफआयआर’ देता येतो. ‘हे दिवाणी प्रकरण आहे’ म्हणून परत पाठवलं, तर लेखी तक्रार पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा.
- १९३०: इसार घेऊन गाडीच आली नाही, तर या सायबर हेल्पलाईनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.
- १९१५: ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे. मराठीतही तक्रार सांगता येते.
- लेखी नोटीस: सामान हरवलं किंवा मोडलं असेल तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत कंपनीला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवा. ही मुदत चुकली तर दावा अडचणीत येतो. निष्काळजीपणा कुणाचा, हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र ग्राहकावर नाही.
- जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रार स्वतःच्या जिल्ह्यातच करता येते, पुण्याला हेलपाटे घालावे लागत नाहीत. मोजलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, आणि वकील लावायची सक्तीही नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

सामान घरी पोचल्यावरही सही करायची घाई नको. आधी यादीप्रमाणे मोजा, खोकी उघडा. काही फुटलं किंवा कमी निघालं तर ते पावतीवर लिहा आणि मगच सही करा.