कुरुक्षेत्र दूर, कोपरगाव जवळ

महाभारत म्हटलं की हस्तिनापूर आणि कुरुक्षेत्र आठवतं. नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, वाट्याला त्यातलं काही आलेलं नाही. आली ती उपाख्यानं. आणि मला विचाराल तर या ग्रंथाचा जीव त्यांच्यातच आहे.

कोपरगावच्या बेटात, गोदाकाठी, शुक्राचार्यांचं मंदिर आहे. लोकांच्या लेखी दैत्यगुरूंचा आश्रम तो हाच. संजीवनी विद्या शिकायला देवांकडून कच इथं आला. दैत्यांनी त्याला मारलं; लेक देवयानीच्या हट्टापायी गुरूंनी उठवलं. पुन्हा मारलं, पुन्हा उठवलं. तिसऱ्या खेपेला त्याची राख मद्यात कालवून गुरूंनाच पाजली. आता शिष्याला उठवायचं तर तो गुरूंचं पोट फाडूनच बाहेर येणार! मग पोटातल्या कचालाच मंत्र शिकवला. त्यानं बाहेर येऊन गुरूंना जिवंत केलं. देवयानीनं लग्नाचं विचारलं तेव्हा म्हणाला, तुझ्या वडिलांच्या पोटातून आलो, तू माझी बहीण. शापाला प्रतिशाप झाला. त्या प्रतिशापामुळं ऋषिपुत्र नशिबी नसलेली देवयानी राजा ययातीला वरते, ययाती तिच्या दासीत, शर्मिष्ठेत, गुंततो, शर्मिष्ठेच्या पुरूचा वंश पुढं कौरव-पांडवांपर्यंत जातो. एवढ्या मोठ्या भाऊबंदकीचं एक मूळ कोपरगावात! त्यात गंमत म्हणजे, या मंदिरात लग्नाला मुहूर्त पाहावा लागत नाही अशी श्रद्धा आहे. मराठी लेखकांनाही या कथेनं सोडलं नाही: खाडिलकरांचं ‘विद्याहरण’ १९१३चं, खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ची.

या गावकथाच काय, खुद्द ग्रंथही ऐकीवच. व्यासांची रचना वैशंपायनानं जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितली. ती ऐकून सौतीनं नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना. प्रत्येक सांगणारा भर घालणारच. अभ्यासक या घडणीला साधारण इ.स.पू. ४०० ते इ.स. ४०० एवढा काळ देतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९मध्ये चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं, ते १९६६मध्ये पुरं झालं. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतो आहे, हा प्रसंग त्या संहितेतून परिशिष्टात गेला. लोकांच्या मनातून तो कोण काढणार?

याच जिल्ह्यातल्या नेवाशाला तर दुहेरी मान. भीष्मपर्वातल्या गीतेच्या सातशे श्लोकांवर ज्ञानेश्वरांनी शके १२१२मध्ये इथंच सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका केली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असं मानतात, तो पैस खांब भाविक आजही पाहायला येतात. त्याच गावात मोहिनीराजाचं देऊळ. समुद्रमंथनाची कथा आदिपर्वात आहे. मोहिनीनं फक्त देवांनाच वाढलेली अमृताची पंगत मात्र नेवाशाला बसली, चोरून अमृत पिणाऱ्या राहूचं शिर राहुरीला पडलं आणि धड गोदेपलीकडं कायगावला, हे गावकऱ्यांनी सांगायचं. हा पंक्तिभेद ज्या गावानं आपल्याकडं ओढून घेतला, तिथंच गीता संस्कृत न येणाऱ्यांच्या पानात वाढली गेली, हे मला फार आवडतं.