आकड्यांनी लावलेली पेटी

भजनी मंडळाची पेटी आणि कोकणातला पावसाळा यांचे कधीच जमत नाही. आमचे दासगाव सावित्रीच्या काठी. जूनपासून चार महिने हवा ओली. लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, भात्याचे सांधे सुटतात. पुराचे पाणी घरात शिरले, तर विचारायलाच नको. लाकूड, भाता, पट्ट्या काहीच न लागणारे वाद्य करता येईल का, एवढ्या व्यावहारिक प्रश्नातून मी मायक्रोकंट्रोलरकडे वळलो. काम करताना मात्र त्याहून जुना प्रश्न समोर आला : पेटीचा सूर ठरवायचा कोणी?

हार्मोनियम युरोपातून आली आणि तिच्यासोबत सप्तकाचे बारा समान भागही आले. हिशेबासाठी सा २४० कंपनांचा धरू. तंबोऱ्याशी जुळणारा शुद्ध गंधार त्याच्या सव्वापट, म्हणजे ३०० चा. पेटीचा गंधार ३०२.४ चा. फरक किरकोळ वाटतो. पण तंबोऱ्याच्या तारेतून साच्या पाचपट, १२०० कंपनांचा स्वरही निघत असतो. पेटीच्या गंधाराची चौपट होते सुमारे १२०९.५. हे दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊ-दहा हेलकावे पडतात. कसलेल्या कानाला खुपतात ते हेच.

या खुपण्याचा इतिहास मोठा आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी तारांची लांबी मोजून श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. ई. क्लेमेंट्स या सनदी अधिकाऱ्याने तोच हिशेब पुढे नेत श्रुती-हार्मोनियम करवून घेतली. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम साकारली. या सगळ्यांपुढची अडचण एकच : पितळी सूर कानशीने घासूनच लावावा लागतो. टोकाशी घासला तर चढतो, मुळाशी घासला तर उतरतो.

मायक्रोकंट्रोलरमध्ये सूर हा केवळ आकडा असतो. मी ईएसपी३२ हा बोर्ड घेतला. तो चार-पाचशे रुपयांत मिळतो. त्याच्या स्मृतीत एका लहरीचे २५६ आकडे ठेवले आणि सेकंदाला ४४,१०० वेळा त्यांतला एक उचलून ध्वनीकडे पाठवला. प्रत्येक वेळी १.३९३ घरे पुढे सरकले की २४० चा सा वाजतो, १.७४१ घरे सरकले की ३०० चा गंधार. रागाप्रमाणे सूर बदलायचे, तर आकड्यांचा तक्ता बदलायचा. कानस लागत नाही.

या बोर्डाच्या दहा पिना स्पर्श ओळखू शकतात. दोन मोकळ्या ठेवून मी आठ वापरल्या : सा ते वरचा सा. प्रत्येक पिनेला तांब्याची एक पट्टी, तीही १.६ मिलिमीटर जाडीच्या सर्किट-पाटीवरच कोरलेली. हलणारा भाग एकही नाही, म्हणून वाद्य वहीसारखे चपटे राहते.

बोट टेकले की पट्टीची विद्युतधारिता वाढते आणि बोर्डाला मिळणारा आकडा खाली येतो. पण दासगावचा पाऊसही तेच करतो! पट्टीवर दमटपणाचा पातळ थर बसला की आकडा आपोआप उतरतो. अमुक आकड्याखाली गेले की वाजायचे, असा कायमचा नियम ठेवला, तर श्रावणात पेटी कोणी न शिवता वाजू लागेल. उपाय सोपा आहे. प्रत्येक पट्टीची सरासरी बोर्डाने सतत काढत राहायची. हळूहळू झालेली घट हवेची, एकदम झालेली घट बोटाची. बोट टेकलेले असेपर्यंत सरासरी थांबवायची, नाहीतर लांबवलेला सूर मध्येच तुटतो.

भात्याचे काम मात्र ही पट्टी करत नाही. अभंगाच्या शेवटी भाता दाबून आवाज जसा भरून येतो, तसा इथे येत नाही. म्हणून जुनी पेटी अडगळीत टाकावी, असे मी म्हणणार नाही.

लाभ वेगळा आहे. कोमल गंधार नेमका किती उतरवायचा, यावर दोन गायकांचे मतभेद असू शकतात. देवलांच्या काळी ते तपासायला तारा मोजाव्या लागत, वाद्य घडवावे लागे. आज दोन्ही आकडे घालून, तंबोरा लावून, पाच मिनिटांत दोन्ही गंधार ऐकता येतात. निवाडा यंत्र करत नाही. तो कानालाच करावा लागतो. पण जो सूर कारखान्यात ठरून येत होता, तो आता गावातल्या ओसरीवर बसून ठरवता येतो.