रेशन दुकानाचा फळा कुठे गेला?

शिधापत्रिकेच्या ई-केवायसीची २०२४ अखेरची मुदत वाढत वाढत २०२५ च्या जूनपर्यंत गेली, आणि या सगळ्या काळात राज्यभरातल्या रास्त भाव दुकानांपुढे तीच माणसे पुन्हा पुन्हा उभी राहिली. शेणामातीत, विटाभट्टीवर, धुण्याभांड्यांत बोटांच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या. शाळा बुडवून आणलेली पोरे. मुंबईहून सुट्टी काढून गावी आलेली कर्ती माणसे. कार्डावरचा प्रत्येक माणूस खरोखर आहे की नाही, याची खात्री सरकारला हवी होती. हवी असण्यात गैर काही नाही. पण माणसांची एवढी कसून शिरगणती करणारी ही व्यवस्था मुळात धान्याची मोजदाद करण्यासाठी दुकानात आणली गेली, याचा पुरता विसर पडला आहे. दुकानात किती पोती आली, किती वाटली, किती उरली, एवढ्याच प्रश्नासाठी ई-पॉस हे अंगठा घेणारे यंत्र आले होते. त्या प्रश्नाचे काय झाले, हे दहा वर्षांनंतर तरी विचारायला हवे.

त्याआधीची सत्तर वर्षे भराभर ओलांडता येतात. १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत मुंबईत रेशनिंग सुरू झाले. १९६५ मध्ये भारतीय अन्न महामंडळ आले. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेल्या लाल मिलो ज्वारीची चव ज्यांनी घेतली, ती पिढी अजून तिचे नाव काढले की तोंड वाकडे करते. १९९७ मध्ये दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे अशी वाटणी झाली, १९९९ मध्ये महाराष्ट्रात पिवळी, केशरी, पांढरी कार्डे आली. धोरणे बदलत गेली, पण दुकानातला हिशेब मात्र होता तसाच राहिला. एक साठा नोंदवही, एक विक्री नोंदवही, कार्डावर पेनाने मारलेली खूण आणि दारात टांगलेला फळा.

त्या फळ्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण आजच्या विशीतल्या मुलांनी तो पाहिला असण्याची शक्यता कमी. काळा रंग उडालेली लाकडी किंवा पत्र्याची पाटी. त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने कायमच्या आखलेल्या रकान्यांत गहू, तांदूळ, साखर, रॉकेल, आणि पुढे भाव, आलेला माल, वाटप, शिल्लक. आकडे खडूने. पावसाळ्यात ते ओघळायचे, कधी महिनामहिना तेच राहायचे, आणि खोटे तर सर्रास लिहिले जायचे. पण ते खोटे भर रस्त्यावर लिहिलेले असे. ‘शिल्लक ४ क्विंटल’ लिहून आत ‘गहू संपला’ म्हणणाऱ्या दुकानदाराला एखादी बाई तिथल्या तिथे फळ्याकडे बोट दाखवून गप्प करू शके. जिथे दक्षता समिती जागी होती, तिथे ट्रक आला की चार माणसे पोती मोजायला उभी राहत. गावोगावी याद्यांचे चावडीवाचन होई. सगळीकडे नव्हे. जिथे होई, तिथे मात्र दुकानदाराला घाम फुटे.

चोरी होती आणि ती प्रचंड होती, यात वाद नाही. अन्न सुरक्षा कायदा २०१३ मध्ये झाला आणि फेब्रुवारी २०१४ पासून महाराष्ट्रात लागू झाला. राज्यातल्या सुमारे सात कोटी माणसांचा स्वस्त धान्यावर हक्क ठरला. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. एवढे धान्य वह्यांच्या भरवशावर सोडणे शक्यच नव्हते. छत्तीसगडने त्याआधीच गोदामे संगणकाला जोडली होती, ट्रक निघाला की गावकऱ्यांच्या मोबाइलवर संदेश जाई. आंध्रात पूर्व गोदावरी जिल्ह्यात २०१२ मध्येच दुकानांत यंत्रे बसली होती. महाराष्ट्रात २०१५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याचा धान्य घोटाळा विधिमंडळात गाजला, आणि आपल्याकडेही यंत्र हवे, या मागणीला जोर चढला.

२०१८ सालापर्यंत राज्यातल्या पन्नास हजारांहून अधिक दुकानांपैकी जवळपास सगळ्यांत ई-पॉस यंत्र पोहोचले. दुकानदार शिधापत्रिकेचा बारा अंकी आरसी नंबर टाकतो, पडद्यावर कुटुंबातली नावे उमटतात, आलेल्या माणसाच्या नावावर बोट ठेवतो, मग लाल दिवा लागलेल्या काचेवर अंगठा. यंत्र विचार करते. जुळले की धान्याचे आकडे येतात आणि कागदाची पट्टी करकरत बाहेर पडते. त्याच क्षणी दुकानाच्या शिलकीतून तेवढे किलो वजा होतात, आणि ते तहसील, जिल्हा, मुंबई सगळीकडे दिसू लागतात. ही लहान गोष्ट नव्हती. मेलेल्या माणसांच्या नावावरचे धान्य यातून थांबले, एकाच माणसाची दोन-तीन कार्डे उघडी पडली. ज्यांनी ही व्यवस्था उभी केली, त्यांना हे श्रेय द्यायलाच हवे.

पण यंत्राचा डोळा फक्त दुकानावर होता, आणि तिथेच पहिली मोठी चूक झाली. जुलै २०१८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या कृष्णूर औद्योगिक वसाहतीत पोलिसांनी सरकारी धान्याने भरलेले ट्रक पकडले. गोदामातून निघालेला माल दुकानांकडे न जाता कारखान्याकडे वळत असल्याचा आरोप होता आणि तपास पुढे सीआयडीकडे गेला. ज्या वर्षी दुकानदाराच्या एकेका किलोचा हिशेब पडद्यावर आला, त्याच वर्षीची ही गोष्ट. सर्वांत लहान माणसाच्या हाती यंत्र दिले आणि मोठ्यांच्या ट्रकांमागे कुणी फिरकले नाही, हे दुकानदारांचे म्हणणे तेव्हा रडगाणे म्हणून उडवून लावले गेले. ते रडगाणे नव्हते.

दुसरी चूक समजायला झारखंडात जावे लागते. यंत्रातली शिल्लक हीच खरी शिल्लक मानली तर काय होते, याचा धडा तिथे २०१७ मध्ये मिळाला. जुलैपासून त्या सरकारने, यंत्राच्या नोंदीनुसार दुकानात जेवढे धान्य उरलेले असायला हवे, तेवढे पुढच्या नियतनातून कापायला सुरुवात केली. कागदावर हे अगदी रास्त. पण ते धान्य कित्येक ठिकाणी कधीच वाटून, विकून किंवा चोरून संपलेले होते. दुकानात पोते नाही आणि वरून येणारही नाही, अशा अवस्थेत कपातीचा वाटा शेवटी कार्डधारकाच्या पिशवीतूनही गेला. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी याचा बारकाईने अभ्यास केला. नुसत्या अंगठ्याने गळती कमी झाली नाही, शिल्लक कापल्यावर सरकारचा खर्च घटला, पण त्यासोबत गरिबांचे धान्यही घटले, असा त्यांचा निष्कर्ष. काही महिन्यांतच झारखंड सरकारला ही कपात थांबवावी लागली. हा अनुभव देशातल्या प्रत्येक पुरवठा खात्याने पाठ करायला हवा होता.

यंत्रातली आणि दुकानातली शिल्लक जुळत नाही, याची कारणे महाराष्ट्रातला कुठलाही दुकानदार एका दमात सांगेल. तागाच्या पोत्यात ५० किलो धान्य आणि वर बारदानाचे अर्ध्या किलोहून थोडे जास्त वजन. ट्रकमधून उतरवताना हमालाचा हूक पोत्याला लागतो, दाणे सांडतात. पावसाळ्यात ओल, उन्हाळ्यात तूट, गोदामात उंदीर. द्वारपोच योजनेत प्रत्येक पोते दुकानदारासमोर तोलून द्यायचे असते, पण ट्रकवाल्याला पुढची दहा दुकाने गाठायची असतात. मग चलनावर पूर्ण वजनाची सही होते आणि यंत्रात पूर्ण वजन जमा होते. ती घट दुकानदार पुढे कुणाच्या तरी मापात भरून काढतो. पाच किलोऐवजी साडेचार. यंत्रावर पाचच.

यावर उपाय माहीत नव्हता असे नाही. वजनकाटा थेट ई-पॉसला जोडायचा, म्हणजे काट्यावर जेवढे, पावतीवर तेवढेच. केंद्राने त्यासाठी जून २०२१ मध्ये नियमही बदलले. ई-पॉससाठीच्या क्विंटलमागे १७ रुपयांच्या जादा मार्जिनमधून वाचलेला पैसा राज्यांना अशा काट्यांसाठी वापरता येईल, असे ठरले. अंगठ्याच्या बाबतीत जी घाई आणि सक्ती दिसली, ती काट्याच्या बाबतीत कधीच दिसली नाही.

या दशकातला एक बदल मात्र मनापासून चांगला. कार्ड एका दुकानाला बांधलेले राहिले नाही. ९ ऑगस्ट २०१९ रोजी महाराष्ट्र आणि गुजरात या शेजाऱ्यांमध्ये एकमेकांच्या कार्डांवर धान्य देण्याची सुरुवात झाली आणि पुढे ती देशभर पसरली. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापुरात, खानदेशातला कामगार सुरतेत आपल्या वाट्याचे धान्य उचलू लागला. वह्यांच्या जमान्यात हे अशक्य होते. याच टप्प्यावर साठ्याची नोंद खऱ्या अर्थाने उपयोगी पडायला हवी होती. कारखान्याजवळच्या दुकानात हंगामात माणसे वाढतात, बीडच्या तांड्यावरच्या दुकानात कमी होतात, आणि हे आकडे यंत्रात रोज जमा होतात. तरीही माल आधीच्या अंदाजाने येतो आणि शेवटच्या आठवड्यात आलेला परगावचा माणूस ‘साठा नाही’ ऐकून परततो.

करोनाच्या काळात आणखी एक गोष्ट उघड झाली: कार्डधारकाच्या अंगठ्याशिवायही धान्य पोहोचू शकते. संसर्गाच्या भीतीने कार्डधारकांचे अंगठे बंद केले आणि दुकानदाराच्याच अंगठ्यावर वाटपाला परवानगी दिली. एप्रिल २०२० पासूनचे मोफत धान्य त्या कठीण महिन्यांत घरोघर पोहोचले, आणि त्यासाठी दुकानदारांनी जिवावर उदार होऊन काम केले. मग २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांचा ‘आनंदाचा शिधा’ आला. रवा, चणाडाळ, साखर, पामतेल, प्रत्येकी एक किलो वा लिटर. अनेक ठिकाणी चारांपैकी एखादा जिन्नस पोहोचलाच नाही, आणि उरलेले तीन समोर ठेवून दुकानदार व गिऱ्हाईक एकमेकांशी भांडत बसले. जुलै २०२४ मध्ये तर सर्व्हरच बसला. दुकानात पोत्यांची थप्पी, बाहेर रांग, मध्ये फिरत राहणारे चक्र. नवी फोर-जी यंत्रे आली, त्यांत बुबुळ तपासायची सोयही आहे. नंदुरबारच्या धडगावात किंवा मेळघाटात रेंजच नसेल तर फोर-जी काय करणार?

आणि फळा? २०१५ च्या केंद्रीय नियंत्रण आदेशानुसार सुरुवातीचा आणि अखेरचा साठा दुकानात ठळकपणे लावणे आजही बंधनकारक आहे. किती दुकानांत तो रोज लिहिला जातो, हे वाचकाने आपल्याच गल्लीत पाहावे. ‘सगळे ऑनलाइन आहे’ हे उत्तर मिळेल, आणि ते खरेही आहे. राज्याच्या महा-ई-पॉस संकेतस्थळावर दुकाननिहाय साठा कुणालाही पाहता येतो. पण ज्या बाईला ते पाहण्याची सर्वांत जास्त गरज, तिच्याकडे ना तसा फोन, ना दुकानाचा क्रमांक, ना त्या इंग्रजी रकान्यांतून वाट काढण्याची सवड. तिची नजर पोहोचत होती ती दारातल्या पाटीवर. मोजणी अधिक अचूक झाली, पण ती सरकार आणि दुकानदार या दोघांतच राहिली. ज्याच्यासाठी धान्य, त्याला त्या मोजणीतून बाहेर काढले गेले.

फळा परत लावायला खर्च नाही. रोज सकाळी यंत्रातून निघणारा शिलकीचा आकडा खडूने बाहेर लिहायचा, एवढेच. पुरवठा निरीक्षकाने भेटीत आधी तो पाहावा, मग यंत्र. ग्रामसभेत चावडीवाचन पुन्हा सुरू करावे. आणि कार्डधारकांनी छापील पावती घेतल्याशिवाय दुकान सोडू नये, पिशवी दुसऱ्या काट्यावर तोलून पाहावी, आणि पावतीवर पाच किलो व पिशवीत साडेचार असतील तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. हे दोन्ही क्रमांक निःशुल्क आहेत.