यूएसबी चार्जर

यूएसबी चार्जर हे घरातील विजेच्या बोर्डात बसवून मोबाइल फोन, टॅबलेट, टॉर्च, पॉवर बँक यांसारखी बॅटरीवर चालणारी उपकरणे चार्ज करण्याचे साधन आहे. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची आणि ५० हर्ट्झ वारंवारतेची, प्रत्यावर्ती स्वरूपाची असते. चार्जर तिचे रूपांतर कमी दाबाच्या दिष्ट विजेत करतो. हा दाब बहुधा ५ ते २० व्होल्ट असतो. पूर्वी चार्जर फोनच्या खोक्यातच मिळत असे, त्यामुळे निवडीचा प्रश्न उद्भवत नव्हता. ॲपलने ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ पासून आणि सॅमसंगने जानेवारी २०२१ मध्ये गॅलेक्सी एस२१ पासून खोक्यात चार्जर देणे थांबवले. पुढे इतर अनेक फोनांबाबतही तसेच झाले. आता तो ग्राहकाला स्वतंत्रपणे विकत घ्यावा लागतो आणि त्यावर छापलेल्या आकड्यांचा अर्थ लावण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते.

योग्य चार्जर कोणता, हे फोनाइतकेच त्या ठिकाणच्या वीजपुरवठ्यावर अवलंबून असते. म्हणून या लेखातील उदाहरणे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून घेतली आहेत. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर बागायत झालेला पूर्वभाग आणि सह्याद्रीच्या माथ्यालगतचा डोंगराळ पश्चिमभाग अशा दोन्ही प्रकारच्या वस्त्या तेथे आहेत.

आकड्यांचा अर्थ

चार्जरवर तीन राशी दिलेल्या असतात: दाब व्होल्टमध्ये, धारा अँपिअरमध्ये आणि शक्ती वॅटमध्ये. दाब आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. ५ व्होल्ट आणि २ अँपिअर यांचे १० वॅट होतात, तर ९ व्होल्ट आणि २.२२ अँपिअर यांचे सुमारे २० वॅट.

या आकड्यांविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा की, जास्त वॅटचा चार्जर फोनमध्ये जास्त वीज ‘ढकलतो’ आणि त्यामुळे फोन खराब होतो. चार्जरवरील वॅट ही त्याची कमाल क्षमता असते. विहिरीत पाणी कितीही असले तरी घागरीत घागरीपुरतेच येते. ६५ वॅटच्या चार्जरला १० वॅट घेणारा जुना फोन जोडला, तर तो १० वॅटच घेईल. दाबाची गोष्ट मात्र वेगळी आहे. ५ व्होल्टसाठी बनवलेल्या उपकरणाला थेट २० व्होल्ट मिळाले, तर ते जळेल. हे घडू नये म्हणून प्रमाणित चार्जर सुरुवातीला नेहमी ५ व्होल्टच देतो आणि समोरच्या उपकरणाने मागणी केल्यावरच दाब वाढवतो.

बॅटरीची क्षमता मिलिअँपिअर-तासांत सांगितली जाते. आजच्या बहुतेक फोनांमध्ये ती ५००० च्या आसपास असते. बॅटरीचा सरासरी दाब ३.८५ व्होल्ट धरल्यास तिच्यात सुमारे १९ वॅट-तास ऊर्जा मावते. रूपांतरातील नासाडी धरून भिंतीतून साधारण २५ वॅट-तास घ्यावे लागतात. म्हणजे एका युनिटमध्ये असा फोन सुमारे चाळीस वेळा पूर्ण चार्ज होतो. रोज एकदा चार्ज केला तरी वर्षाला नऊ-दहा युनिटेच लागतात. ‘मोबाइलमुळे बिल वाढले’ ही घरोघरची तक्रार या हिशेबापुढे टिकत नाही.

वेळेचा हिशेबही याच आकड्यांवरून करता येतो. ५ वॅटच्या जुन्या चार्जरवर असा फोन पूर्ण भरायला साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो, १० वॅटवर अडीच तासांच्या आसपास. २० वॅटवर निम्मी बॅटरी अर्ध्या-पाऊण तासात भरते, पण उरलेल्या निम्म्या भागाला त्याहून जास्त वेळ लागतो. बॅटरी भरत आली की फोन स्वतःच धारा कमी करत जातो. त्यामुळे ‘इतक्या मिनिटांत पूर्ण चार्ज’ असा जाहिरातीतील दावा वॅटच्या साध्या भागाकाराशी जुळत नाही.

दाब वाढवण्याचे कारण

अधिक शक्ती हवी असताना धारा न वाढवता दाब का वाढवतात, हे केबलकडे पाहिल्यावर समजते. लांब आणि बारीक केबलच्या जाण्यायेण्याच्या तारांचा एकूण रोध अर्धा ओहम धरू. तिच्यातून ५ व्होल्टवर २ अँपिअर धारा गेली, तर १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि १० वॅटपैकी २ वॅट केबल तापवण्यात जातात. तीच १० वॅट शक्ती ९ व्होल्टवर नेली, तर धारा १.१ अँपिअर लागते आणि नासाडी सुमारे ०.६ वॅटवर येते. गावच्या डीपीपर्यंत वीज ११,००० व्होल्टने आणतात त्यामागेही हेच तत्त्व आहे. शाळेत उच्चदाब वाहिनीचा धडा शिकवताना फोनची केबल हे हाताशी असलेले उदाहरण आहे, पण त्याचा उपयोग फारसा केला जात नाही.

प्रमाणांचा इतिहास याच दिशेने गेला आहे. यूएसबी २.० ची मर्यादा ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट होती. २०१२ मध्ये ‘पॉवर डिलिव्हरी’ ही पद्धत आली. २०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी सारखे बसणारे टाइप-सी जोडटोक आले. पॉवर डिलिव्हरीमध्ये ५, ९, १५ आणि २० व्होल्ट हे ठरलेले टप्पे आहेत आणि कमाल शक्ती १०० वॅट होती. २०२१ च्या सुधारणेने ती २४० वॅटपर्यंत नेली. पीपीएस या उपप्रकारात टप्प्यांऐवजी दाब बारीक पायऱ्यांनी बदलतो. सॅमसंगच्या २५ वॅटच्या वेगवान चार्जिंगसाठी चार्जरमध्ये पीपीएस असावे लागते.

काही कंपन्यांनी मात्र आपापल्या खासगी पद्धती आणल्या. ऑपोने २०१४ मध्ये आणलेली व्हूक ही पद्धत दाब ५ व्होल्टच ठेवून धारा ४ अँपिअरच्या आसपास नेणारी होती. तिला जाड तारांची खास केबल लागे. अशा खासगी पद्धतीचा मोठा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला जोडला, की तो बहुधा १० किंवा १८ वॅटवर उतरतो. घरात तीन कंपन्यांचे तीन फोन असतील, तर अशा चार्जरपेक्षा पॉवर डिलिव्हरी आणि पीपीएस दोन्ही असलेला २५ ते ३० वॅटचा टाइप-सी चार्जर अधिक उपयोगाचा. लॅपटॉपही त्यावरच चालवायचा असेल, तर ६५ वॅटचा पाहावा. दोन-तीन छिद्रांच्या चार्जरवर लिहिलेली शक्ती बहुधा सर्व छिद्रांची मिळून असते आणि दुसरे उपकरण जोडताच पहिल्याच्या वाट्याची शक्ती घटते. केबलही तपासावी. ३ अँपिअरहून जास्त धारेसाठी केबलच्या टोकात ओळख सांगणारी चिप असावी लागते. ती नसेल तर चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जात नाही.

अंगावरील मजकूर

चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ आणि ‘आउटपुट’ अशा दोन ओळी असतात. घाईत वाचणारा इनपुटच्या ओळीतील २४० व्होल्ट आणि ०.५ अँपिअर यांचा गुणाकार करून चार्जर १२० वॅटचा आहे असे समजतो. इनपुटचे आकडे भिंतीकडून घेतल्या जाणाऱ्या विजेच्या कमाल मर्यादा सांगतात. फोनला काय मिळणार, हे फक्त आउटपुटच्या ओळीत असते. त्या ओळीत एकाहून अधिक जोड्या दिसल्या, तर चार्जर दाब बदलू शकतो असे समजावे. एकच जोडी असून खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘फास्ट’ लिहिलेले असेल, तर खोक्यापेक्षा चार्जरच्या अंगावरील ओळीवर विश्वास ठेवावा.

चौकोनात चौकोन ही खूण दुहेरी विद्युतरोधन दाखवते. भारतात अडॅप्टरांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी झालेल्या वस्तूवर मानकचिन्हाबरोबर ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये तो घातला, की उत्पादकाचे नाव आणि वस्तूचा प्रकार समोर येतो. क्रमांक खरा, पण दुसऱ्याच वस्तूचा, असेही आढळू शकते. म्हणून निघालेली माहिती वाचून पाहावी.

जुन्नर–आंबेगावातील वीजपुरवठा

मंचर, नारायणगाव, ओतूर यांसारख्या बाजारगावांत चार्जर कोणत्याही शहरातल्यासारखाच वापरला जातो. मळ्यातील घरांची स्थिती वेगळी आहे. डीपीपासून लांब तारेने जोडलेल्या घरात पंप सुरू झाले की दाब बराच खाली येतो, ट्यूबलाइट फडफडते आणि पंखा मंदावतो. चार्जरला याचा त्रास होत नाही. १०० ते २४० व्होल्ट असा इनपुट असलेला चार्जर १६० व्होल्टवरही तितकेच वॅट देतो. कमी दाबामुळे चार्जिंग मंद होते, हा समज जुन्या, जड, गुंडाळ्यांच्या रोहित्राच्या चार्जरांपासून चालत आलेला असावा.

धोका कमी दाबापेक्षा जास्त दाबाचा आहे. डीपीवरील न्यूट्रल तार तुटली किंवा सैल झाली, तर काही घरांत दाब ३०० व्होल्टच्या वर जातो. चार्जरमधील पहिल्या धारित्राची सहनशक्ती बहुधा ४०० व्होल्ट असते. २४० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे शिखर ३४० व्होल्टच्या जवळ असते, म्हणून ते धारित्र एरवी टिकते. ३०० व्होल्टचे शिखर मात्र ४२० च्या पुढे जाते आणि धारित्र फुटते. वळवाच्या पावसात तारांवर वीज पडल्यानेही असाच आघात होतो. त्या वेळी चार्जर बोर्डातून काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. अनेक जुन्या घरांत बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेले असते आणि फेज चार्जरपर्यंत पोहोचतच राहतो.

रात्री पाणी भरायला जाणाऱ्याच्या हातातील टॉर्च हा येथे चार्जरइतकाच महत्त्वाचा विषय आहे. उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असलेल्या या भागात टॉर्च न पेटणे ही साधी गैरसोय राहत नाही. बाजारात मिळणाऱ्या अनेक स्वस्त टॉर्चना टाइप-सी छिद्र असते, तरी त्या नव्या चार्जरवर, दोन्ही टोके सी असलेल्या केबलने चार्ज होत नाहीत. दोष बहुधा चार्जरचा नसतो. प्रमाणानुसार उपकरणाच्या सी छिद्रात ५.१ किलोओहमचे दोन रोधक असावे लागतात. ते दिसल्याशिवाय चार्जर वीज सोडत नाही. स्वस्त उत्पादनात ते गाळलेले असतात. जुन्या, चौकोनी छिद्राच्या चार्जरवर आणि एका टोकाला चौकोनी खटका असलेल्या केबलने तीच टॉर्च चार्ज होते, कारण जुने छिद्र काही न विचारता ५ व्होल्ट देते. म्हणून मळ्यातील घरात जुना चार्जर टाकून देऊ नये. नवा घ्यायचा झाल्यास त्याला एक जुने आणि एक नवे अशी दोन छिद्रे असावीत. टॉर्च अंधार पडण्याआधी लावून पाहावी आणि दिवा लागला की नाही याची खात्री करावी.

पश्चिमेकडील आदिवासी वाड्यांत फोनचे संकेत क्षीण असतात. तेथे फोन टॉवरशी संपर्क राखण्यासाठी अधिक शक्ती खर्च करतो आणि बॅटरी लवकर उतरते. पावसाळ्यात वीज थोडाच वेळ येत असेल, तर १० ऐवजी २० वॅटचा चार्जर हा तेथे चैनीचा खर्च म्हणता येणार नाही.

विलगीकरण आणि सुरक्षितता

चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यात तारेचा थेट संबंध नसतो. ऊर्जा एका लहान रोहित्रातून चुंबकीय क्षेत्राद्वारे पलीकडे जाते. मुद्रित पट्टीवर दोन्ही बाजूंमध्ये काही मिलिमीटरची मोकळी पट्टी सोडलेली असते. चांगल्या आणि वाईट चार्जरमधील खरा फरक या पट्टीत आणि रोहित्राच्या वेष्टनात असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. अतिस्वस्त चार्जरमध्ये हे अंतर एक-दोन मिलिमीटरवर आलेले असते. दमट हवेत, धुळीने किंवा मुंग्यांमुळे ते ओलांडले गेले, की २३० व्होल्ट फोनच्या केबलमध्ये उतरतात. चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरणारा माणूस त्या वेळी थेट विजेच्या संपर्कात येतो. वॅटचा आकडा चुकला तर फक्त वेळ जास्त लागतो. विलगीकरणातील काटकसर जिवावर बेतू शकते. म्हणून दोन चार्जरांतून एक निवडताना वॅटपेक्षा नोंदणी क्रमांकाला अधिक महत्त्व द्यावे.

धातूच्या अंगाच्या फोनवर हात फिरवताना जाणवणाऱ्या झिणझिण्या मात्र वेगळ्या. गोंगाट दाबण्यासाठी दोन्ही बाजूंमध्ये मुद्दाम बसवलेल्या एका छोट्या धारित्रातून मिलिअँपिअरच्या अंशाइतकी धारा पाझरते. दोन पिनांच्या चार्जरला अर्थिंग नसल्याने ती हाताला जाणवते. चांगल्या चार्जरमध्येही हे घडते. झटका बसला, वास आला किंवा चार्जर हातात धरवणार नाही इतका तापला, तर तो लगेच वापरातून काढावा. उशीखाली किंवा गोधडीवर फोन चार्ज करू नये, कारण उष्णतेला बाहेर पडायला वाट मिळत नाही.

रेडिओ-गोंगाट

जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळील खोडद येथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असलेली ही दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्र चालवते. या जागेच्या निवडीमागे मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट कमी असणे हेही एक कारण होते. चार्जरमधील वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते. या उघडझापीतून निघणाऱ्या लहरी मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचतात. त्या रोखणारी गाळणी चांगल्या चार्जरमध्ये असते. स्वस्त चार्जरमध्ये सर्वांत आधी तीच गाळली जाते. मानक ब्युरोची वर सांगितलेली नोंदणी सुरक्षिततेसंबंधी आहे, गोंगाटाची हमी तिच्यातून मिळत नाही.

घरच्या घरी हे पाहण्यासाठी मध्यम लहरींचा जुना रेडिओ पुरतो. दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवून रेडिओ चालू चार्जरजवळ न्यावा. चांगल्या चार्जरजवळ खरखर हातभर अंतरावर थांबते. वाईट चार्जर शेजारच्या खोलीतूनही ऐकू येतो.