कोरपन्याचा काटा

विज्ञानातल्या मोजमापांवर लिहा, असे संपादकांनी सांगितले. त्यासाठी खरे तर दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा गाठायची. प्लॅटिनम-इरिडियमचा ५७ क्रमांकाचा किलोग्रॅम तिथे जपून ठेवला आहे. मी कोरपन्याच्या कापूस बाजारात आलो, कारण किलोग्रॅमची कसोटी कापसाच्या गाडीखाली लागते.

इतिहास थोडक्यात असा. १९५६ साली कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून तोळा-शेर जाऊन किलो येऊ लागला. २० मे २०१९ पासून किलोग्रॅम धातूच्या ठोकळ्यावर अवलंबून नाही. तो प्लँकच्या स्थिरांकावरून ठरतो. इथे मात्र शेतकरी क्विंटलने विकतो, जिनिंगमधून १७० किलोची गाठ निघते आणि रुईचा भाव खंडीत बोलला जातो. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो.

मला धरून ठेवले ते गाड्या तोलणाऱ्या काट्याने. पोलादी फलाटाखाली लोडसेल असतात. गाडी चढली की त्यातले पोलाद डोळ्यांना दिसणार नाही इतके दबते, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारपट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्या काही मिलिव्होल्टचा पडद्यावर आकडा होतो. म्हणजे काटा वस्तुमान मोजतच नाही, पृथ्वीची ओढ मोजतो. ही ओढ दिल्लीपेक्षा कोरपन्यात किंचित कमी आहे. दिल्लीत जुळवलेला काटा जसाच्या तसा इथे आणला, तर टनामागे सुमारे ६०० ग्रॅम कमी दाखवील. म्हणून प्रमाणित वजने ठेवून तो जागेवरच जुळवावा लागतो. वैधमापन खात्याची पडताळणी आणि शिक्का दरवर्षी.

काटेवाला गाडी घेण्याआधी शून्य बघतो. फलाट आणि खड्ड्याची भिंत यांच्या फटीत चिखल किंवा खडा अडकला, तर थोडा भार भिंतच उचलते आणि वजन कमी येते. तो वाकून फट साफ करतो, पुन्हा शून्य बघतो, मगच हात करतो. आधी भरल्या गाडीचा काटा, मग रिकामीचा. या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

काळजी वाटते ती ओलाव्याची. भारतीय कापूस महामंडळाचा पूर्ण हमीभाव ८ टक्के ओलाव्यापर्यंत. पुढे भाव उतरत जातो आणि १२ टक्क्यांवर कापूस घेतच नाहीत. हा ओलावाही विद्युतरोधावरूनच काढतात, पण यंत्र जिथे खुपसले तिथलाच आकडा मिळतो. कापूस दाबून भरला असेल तर आकडा वेगळा, सैल असेल तर वेगळा. वरचा थर उन्हाने वाळलेला, पोटातला दमट. थंडीतल्या सकाळी दव पडले की नेमके उलटे. तीस क्विंटलच्या गाडीत काटा दहा किलोने चुकला तर शेतकऱ्याचे दहा किलोच जातात. ओलाव्याचा एक टक्का चुकला की तीस किलोचे पैसे जातात. किलोमागे दिल्लीपासून इथवर पडताळणीची अखंड साखळी उभी आहे. ओलावा एका टोचणीवर ठरता कामा नये. पावतीवर भरल्या गाडीचे, रिकाम्या गाडीचे आणि निव्वळ मालाचे वजन वेगवेगळे येते; तसेच गाडीच्या वरून, मधून आणि तळातून घेतलेल्या ओलाव्याचे तिन्ही आकडे शेतकऱ्यासमोर घेऊन त्याच पावतीवर छापावेत.