आकृती उचलली, इशारा सोडला
विन्स्टन रॉइस यांना सॉफ्टवेअर बनवण्याच्या वॉटरफॉल पद्धतीचे, म्हणजे एक टप्पा संपला की मगच पुढचा, जनक म्हणतात. गंमत बघा, १९७० च्या ज्या निबंधात त्यांनी ती पायऱ्यापायऱ्यांची आकृती काढली, त्यातच बजावलं होतं की असं सरळ खाली उतरत जाणं धोक्याचं आहे. चाचणी अगदी शेवटी येते आणि मूळ आराखडाच चुकलाय हे तेव्हा कळतं! लोकांनी नेमकी आकृती तेवढी घेतली.

अशा पद्धतींना पर्याय म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत, युटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी अजाइल जाहीरनामा लिहिला: थोडं थोडं बनवा, बदल स्वीकारत चला. त्यात नियोजनाला फाटा दिलाय, हा समज मात्र चुकीचा. स्क्रम या अजाइल पद्धतीत उलट प्रत्येक स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या छोट्या टप्प्याच्या, सुरुवातीला नियोजन होतं, आणि स्प्रिंट महिन्यापेक्षा मोठा नसतो. रोजची १५ मिनिटांची बैठक टीमची असते, साहेबांपुढे हजेरी लावायची नव्हे. हे साहेबांनाही सांगा कुणीतरी.